एसी घर, समुद्र दहा मिनिटं

जाहिरात तीन ओळींची होती. ‘दापोली तालुका. जुने कोकणी घर, १४ गुंठे, विहीर, ३२ माड, एसी रूफ, समुद्र १० मिनिटे.’ कोकणातल्या जुन्या घराला एसी कशाला, हा एक प्रश्न. तो छपराला कसा बसवला, हा दुसरा. एजंटला फोन लावला. तो हसला. “साहेब, तो एसी नव्हे. सिमेंटचा पत्रा. टेंडरात एसी शीट लिहितात ना, ते.” ए म्हणजे ॲस्बेस्टॉस, सी म्हणजे सिमेंट. ॲस्बेस्टॉसला कुणी घराच्या सुखसोयींत मोजलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. तेही माड आणि समुद्र यांच्या मधल्या मानाच्या जागी.

नोव्हेंबरात बघायला गेलो. आम्ही दोघं आणि आमची प्रश्नावली. जागा घ्यायची म्हटली की मराठी माणसाला जेवढे प्रश्न सुचतात तेवढे पोलिसांनाही सुचत नाहीत. सातबारावर नावं किती? त्यातली हयात किती, मुंबईत किती आणि एकमेकांशी बोलणारी किती? मे महिन्यात विहिरीला पाणी असतं का? दार कुठल्या दिशेला? संडास ईशान्येला नाही ना? शेजारच्यांची वाट आपल्या आगरातून जात नाही ना? हिने तर पिंडाला कावळा लवकर शिवतो का, एवढं सोडून सगळं विचारलं. डोक्यावर काय घातलंय, हे मात्र आम्हीही विचारलं नव्हतं. मालकाने कौतुकाने छापलं म्हणून कळलं.

घर देखणं होतं, खोटं कशाला बोला. चिऱ्याचं जोतं, ओटी, माजघर, मागे पडवी. वर पूर्वी कौलं होती. पण कौलं म्हटली की दरवर्षी शाकारणी आली. शाकारणीला माणूस मिळत नाही, आणि मिळालाच तर आठवड्याने वांदर येऊन नाचून जातात. वांदरांनी कोकणातली जेवढी छपरं बदलायला लावली तेवढी कुठल्या सरकारी योजनेनं बदलली नसतील. मालकाच्या वडिलांनी ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराला कौलं उतरवली आणि पन्हळी पत्रे चढवले. “तेव्हापासून वांदरांचं काय चालत नाय,” एजंट म्हणाला, आणि पुरावा म्हणून कोपऱ्यातली काठी उचलून त्याने पडवीच्या पत्र्याला खालून दोन रट्टे हाणले. वरून पिठासारखं काहीतरी भुरभुरलं. थोडं माझ्या डोक्यावर, थोडं हिच्या हातातल्या शहाळ्यात.

त्या भुरभुरण्याला कारण होतं. मुंबईची पार्टी येणार म्हणून मालकाने छप्पर साफ करायला काढलं होतं. चाळीस पावसाळ्यांचं शेवाळ. दोन गडी, दोन तारेचे ब्रश, दोन दिवस. पुढची बाजू कोरडीच घासून पांढरी केली होती आणि वर लाल रंग मारला होता, लांबून कौलं वाटावीत म्हणून. मागची बाजू अजून घासणं चालू होतं. घासलेला सगळा भुगा पडवीच्या बाकावर, खिडकीच्या गजांवर, खालच्या केळीच्या पानांवर राखाडी होऊन बसला होता. एका पत्र्याला नारळ पडून भोक पडलेलं. त्यातून कवडसा आत आला होता आणि कवडशात ती धूळ सोन्याच्या कणांसारखी तरंगत होती. ही म्हणाली, “अहो, किती छान दिसतंय, फोटो काढा ना.” तेवढ्यात एजंटने “बसा मॅडम” म्हणत खांद्यावरच्या पंच्याने बाक झटकला. सोनं दुप्पट झालं.

फोटो मी मेलबर्नच्या भाचीला पाठवला. दोन मिनिटांत तिचा व्हिडिओ कॉल.

“मामा, तू त्या धुळीत उभा आहेस? आधी बाहेर हो. मामीला घे. आणि तो जो कोण झटकतोय, त्याचा हात धर!”

आम्ही माडाखाली जाऊन उभे राहिलो. (नोव्हेंबरात माडाखाली उभं राहणंही तसं जिवावरचंच, पण नारळ निदान दिसतो तरी.) हिने शहाळं ओतून दिलं. भाचीने मग तासभर आमची शाळा घेतली. तिने तिकडे १९६० च्या दशकातलं घर घेतलंय. ऑस्ट्रेलियात १९९० च्या आधीचं घर म्हटलं की ॲस्बेस्टॉस कुठे ना कुठे असणारच असं धरून चालतात. २००३ संपताना त्यांनी तो साफ बंदच केला. घर घेण्याआधी तिने पैसे मोजून तपासनीस आणला. त्याने कशालाही हात न लावता सगळीकडे बॅटरी मारली आणि जाड अहवाल दिला. वळचणीखालचा तक्ता, न्हाणीघराची भिंत, स्वयंपाकघरातल्या व्हिनाइलची खालची बाजू, विजेच्या मीटरमागची पाटी, सगळीकडे ‘शक्यता आहे’. न्हाणीघराच्या भिंतीत भोक पाडू नये असं त्यात लिहिलं होतं म्हणून जावईबापूंनी साबणाची फळी ठोकली नाही. लाखो डॉलरच्या घरात साबण अजून जमिनीवर असतो.

कॅनबेराची गोष्टही तिनेच सांगितली. तिथे १९६८ ते १९७९ या काळात एक कंत्राटदार माळ्यावर ॲस्बेस्टॉसचा सुटा कापूस फवारून द्यायचा. घर उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. लोकांनी त्या धंद्याला लाडाने ‘मिस्टर फ्लफी’ नाव ठेवलं होतं, एखाद्या कुत्र्याच्या पिल्लाला ठेवावं तसं. सरकारने ऐंशी-नव्वदच्या दशकांत तो कापूस खरवडून काढला. तरी भिंतींच्या पोकळीत तो उरलाच. अखेर २०१४ साली सरकारने ठरवलं की ही घरं विकत घ्यायची आणि पाडायची. हजारावर घरं. चांगली, राहती, परसात लिंबाचं झाड असलेली.

हे सगळं एजंटही ऐकत होता. म्हणाला, “त्यांच्याकडे कापूस होता साहेब. आपला पत्रा आहे. पत्रा काय करतोय?”

खरं सांगायचं तर या मुद्द्यावर एजंट अर्धा बरोबर आहे. ॲस्बेस्टॉस हा तंतूंचा दगड. जळत नाही, कुजत नाही, गंजत नाही, वाळवी लागत नाही. पत्र्यात तो दहाएक टक्के, बाकी सिमेंट. सिमेंटने तंतू घट्ट धरून ठेवलेले असतात. पत्रा शाबूत आहे, रंगवलेला आहे, कुणी त्याच्या वाटेला जात नाही, तर त्याखाली झोपलेल्या माणसाला तो फारसं काही करत नाही. धोका तो कापताना, फोडताना, भोक पाडताना, घासताना. आणि उन्हापावसाने झिजून सिमेंट निघून जातं तेव्हा. मग तंतू सुटतात. ते इतके बारीक की दिसत नाहीत, वास येत नाही, घसा खवखवत नाही. नाकावरचा रुमाल त्यांना आडकाठीच वाटत नाही. श्वासाबरोबर फुफ्फुसात जातात आणि शरीराला ते विरघळवता येत नाहीत. पुढे वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी फुफ्फुस आवळत जातं, किंवा कर्करोग होतो, किंवा फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, म्हणजे मेसोथेलिओमा. पांढरा, तपकिरी, निळा, सगळ्या जातींचा ॲस्बेस्टॉस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पहिल्या गटात टाकलाय. त्याच गटात तंबाखूचा धूर आहे. कामाच्या जागी ॲस्बेस्टॉस हाताळल्याने जगात वर्षाला दोन लाखांहून जास्त माणसं मरतात, असा त्या संघटनेचा अंदाज आहे. आणि हे काही काल कळलेलं नाही. इंग्लंडात रॉचडेलची नेली केरशॉ ही गिरणीत ॲस्बेस्टॉसचं सूत काढणारी बाई १९२४ साली गेली, तेव्हा तिच्या फुफ्फुसात हे तंतू सापडले होते. १९३१ मध्ये तिकडे नियमही आले. आपल्या मालकाच्या वडिलांनी पत्रे चढवले त्याच्या पन्नास वर्षं आधी.

एजंटचा उरलेला अर्धा भाग चुकतो तो इथे, की पत्र्याच्या वाटेला न जाणारा घर-खरेदीदार अजून जन्माला यायचाय. घर घेणं म्हणजे मुळात भोकं पाडणं. पहिल्या महिन्यात डिशची छत्री, दुसऱ्यात सोलर, तिसऱ्यात ‘वर एक छोटीशी खोली काढू, नातवंडांना’. बघायला आलेला माणूससुद्धा स्वस्थ बसत नाही. कुलकर्णी असो की कदम, भिंत दिसली की बोटाच्या पेराने टकटक, लाकूड दिसलं की नखाने खरवड, पत्रा दिसला की धक्का. एजंट तर काठीच घेऊन उभा. विकणारा त्याच्याही पुढे; पाहुणे येणार म्हणून त्याने चाळीस वर्षं निपचित पडलेल्या पत्र्याला तारेच्या ब्रशने जागं केलं.

फ्लॅटवाल्यांनी हसू नये. साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या सोसायटीत मागच्या बाजूने उतरणारे पावसाच्या पाण्याचे करडे पाइप बघा. प्लंबर त्यांना ‘एसी पाइप’ म्हणतो, आणि तुम्ही मान डोलावता. गच्चीवरची जुनी टाकी, जिन्यावरचं छप्पर, पार्किंगची शेड, शेजारच्याने बाल्कनीवर घातलेला पत्रा. प्लंबर ग्राइंडर लावतो, धुरळा उडतो, कामवाली बाई तो केरसुणीने गोळा करते आणि आपण आतून ओरडतो, ‘पंखा लाव गं, धूळ जाऊ दे!’

विलायतेत जुनं घर बघताना बांधल्याचं साल विचारतात. त्यांच्याकडे १९९९ मध्ये पूर्ण बंदी आली, म्हणून २००० नंतरचं घर असेल तर बरीचशी निश्चिंती. आपल्याकडे सालाचा संबंधच नाही. ‘निसर्ग’ चक्रीवादळ ३ जून २०२० ला आलं, तेव्हा या घराचे अर्धे पत्रे उडून शेजारच्या आगरात गेले. मालकाने धावाधाव करून नवे आणले. तेही एसीच. म्हणजे घर जुनं आणि ॲस्बेस्टॉस काही चाळीस वर्षांचा, काही करोनातला. आता बिनॲस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रेही मिळतात, पण जुना झाला की दिसायला दोन्ही सख्खे भाऊ. प्रयोगशाळेत तुकडा तपासल्याशिवाय सांगता येत नाही. आणि उडालेले जुने? परसात फिरलो तर सगळीकडे तेच. तुळशीभोवती किनार पत्र्याच्या तुकड्यांची. सरपणावर झाकण पत्र्याचं. विहिरीकडच्या वाटेवर चिखल होतो म्हणून तुकडे पसरलेले, येणारा-जाणारा ते तुडवत जातो. कोंबड्यांच्या खुराड्याला वर अर्धा पत्रा. कोंबडा त्यावर उभा राहून आरवत होता. त्यालाही समुद्र दहा मिनिटं.

आपल्या सरकारची भूमिका याहून मजेशीर. ॲस्बेस्टॉस वाईट हे सरकारला चांगलं माहीत आहे. म्हणून १९८६ पासून खाणीचे नवे पट्टे द्यायचे नाहीत आणि १९९३ पासून जुन्यांची मुदत वाढवायची नाही, असं ठरलं. ॲस्बेस्टॉसचा कचरा परदेशातून आणायला बंदी आहे. २००६ साली ‘क्लेमान्सो’ नावाची फ्रेंच युद्धनौका अलंगला तोडायला चालली होती. तिच्या पोटात ॲस्बेस्टॉस आहे म्हणून एवढा गदारोळ झाला की फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांना ती वाटेतून परत बोलवावी लागली. आणि इकडे रशियातून, कझाकस्तानातून, ब्राझीलमधून दरवर्षी लाखो टन कोरा ॲस्बेस्टॉस गोणीत भरून राजरोस येतो. त्यातल्या ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्वतःच्या देशात तो बंद केला. गोऱ्याच्या जहाजातून आला तर विष, गोणीतून आला तर कच्चा माल.

तेवढ्यात मागच्या छपरावरून ब्रशचा आवाज पुन्हा सुरू झाला. मी हाक मारून त्या गड्याला खाली बोलावलं. वीस-बावीसचा पोरगा. केस, भुवया, पापण्या सगळं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं. गळ्यात फडकं, तेही घामासाठी. मी विचारलं, “अरे, मास्क वगैरे?”

“करोनात होता,” तो म्हणाला.

कोरडं घासू नकोस, असं मी त्याला माझ्या परीने सांगितलं. कपडे घरात झटकू नकोस, घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नकोस. त्याने “बरं” म्हटलं, जसं आपण विम्याच्या एजंटला म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कारखान्यांना हुकूम दिलाय की प्रत्येक कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून चाळीस वर्षं किंवा काम सुटल्यावर पंधरा वर्षं, यांपैकी जे उशिरा संपेल तिथवर ठेवा. चाळीस वर्षं का, तर हा रोग तेवढा वेळ घेतो म्हणून. निकाल चांगला आहे. पण पोराचा कारखाना म्हणजे आज हे छप्पर, उद्या पुढच्या वाडीतलं. त्याला साठाव्या वर्षी दम लागेल तेव्हा डॉक्टर विचारील, विडी ओढता का? त्याला हे दोन दिवस आठवायचेही नाहीत. मलाही आठवणार नाहीत. मी तर तेव्हा नसेनच.

घरी येऊन वकील मित्राला विचारलं, मालकाने हे मला सांगायला नको होतं का? त्याने १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा काढला, कलम ५५. घरातला एखादा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही, आणि साधी काळजी घेऊनही त्याला तो कळला नसता, तर विकणाऱ्याने तो सांगायला हवा. “पण छप्पर,” मित्र म्हणाला, “छप्पर तर रस्त्यावरून दिसतं. तू मान वर करून बघायला हवं होतंस. शिवाय त्याने जाहिरातीत छापलंय.” एवढा प्रामाणिक विक्रेता मला पुन्हा भेटणार नाही.

तरी घर मनात भरलं होतं. विहीर, माड, ओटीवरचा वारा. दुसऱ्या खेपेला भाचीने पढवून पाठवलं होतं त्याप्रमाणे वागलो. पडवीत गेलोच नाही, बाहेरून फोटो काढले, काठी एजंटच्या हातून काढून घेतली. कुठले पत्रे कुठल्या सालचे, फुटके कुठे टाकले, घासण्याचं काम थांबलं का, विचारून घेतलं. आणि सौदा ठेवला: भाव मान्य, पण पत्रे नीट उतरवण्याचा खर्च त्यातून वजा.

“नीट म्हणजे?”

मी सांगितलं. पत्रा आधी पाण्याने पूर्ण भिजवायचा. फोडायचा नाही; हुक कापून अख्खा सोडवायचा. दोघा-चौघांनी धरून अलगद खाली उतरवायचा, वरून टाकायचा नाही. जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा, चिकटपट्टीने बांधायचा. काम करणाऱ्यांना धुळीचे खरे मास्क द्यायचे, रुमाल नाही. त्या वेळी पोराबाळांना जवळ फिरकू द्यायचं नाही. ऑस्ट्रेलियात बहुतेक राज्यांत दहा चौरस मीटरच्या वर असेल तर परवाना असलेला माणूसच लागतो.

एजंट गंभीर झाला. “आंघोळ घालायची, गुंडाळायचं, बांधायचं, चौघांनी उचलायचं. पोरांना लांब ठेवायचं. साहेब, हे तर मयताचं झालं.”

“तसंच समजा.”

“मग नेऊन ठेवायचं कुठं?”

इथे माझी दातखीळ बसली. घातक कचऱ्याची केंद्रं आपल्याकडे आहेत. तळोज्याला आहे, रांजणगावला आहे, नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. ती बांधली कारखान्यांच्या कचऱ्यासाठी. दापोलीहून टेम्पोत साठ पत्रे गुंडाळून तळोज्याच्या गेटवर गेलो तर तिथला माणूस आधी विचारील, कंपनी कुठली? मी एजंटला म्हटलं, चौकशी करून सांगतो, तोवर कशालाही हात लावू नका. प्रदूषण मंडळाच्या दोन कार्यालयांत फोन केले. एकाने दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्याने पहिल्याचा.

चौथ्या दिवशी एजंटचाच फोन आला. आवाजात नुसता आनंद.

“साहेब, काम झालं! मालकांना तुमचं पटलं. सगळे पत्रे काढले. काल चार गडी लावले, एका दिवसात छप्पर मोकळं. आता रंगीत लोखंडी पत्रा घालतायत, एकदम बंगल्यासारखं दिसतंय. घरात ॲस्बेस्टॉस औषधाला नाही. फक्त भाव दोन लाखांनी वाढलाय, नव्या पत्र्याचे.”

“आणि जुने पत्रे?”

“ते वाया नाय घालवले. तुम्ही गाडी लावायला जागा मागितली होती ना, विहिरीकडची? चिखल व्हायचा तिथं. सगळे घणाने बारीक फोडले नि भराव टाकला. मस्त टणक झालंय. कधी येताय गाडी घेऊन?”